परदेशातल्या लग्नाला निघताय? आधी औषधांची पिशवी भरा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम शिकून आखातात गेलेला पुतण्या असो, की शिकून मोठ्या कंपनीत लागलेली भाची असो, आपल्या घरातले कोणी ना कोणी आता बाहेरदेशी असते. त्यामुळे 'मंगल परिणय दुबईला आहे, सगळ्यांनी यायचे' किंवा 'थायलंडला यायचे' असे निमंत्रण आता वस्तीतल्या घरातही येते. तिकीट आणि हॉटेलचे यजमान बघतो. आनंदाची गोष्ट आहे, जरूर जावे. पण एक प्रश्न संकोचापोटी कोणी विचारत नाही: तिथे आई-वडील आजारी पडले तर दवाखान्याचे बिल कोण भरणार?

कार्ड इथेच थांबते

कारखान्यातल्या कामगाराचे ईएसआयचे कार्ड, आयुष्मान कार्ड, महात्मा फुले जन आरोग्य योजना, यांपैकी काहीही परदेशातल्या दवाखान्यात चालत नाही. तिथे दोन दिवस भरती व्हावे लागले तरी घर कर्जात जाऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाचा प्रवास विमा काढा. यजमानाशी मोकळेपणाने बोला. तो तिकिटे काढणारच असेल तर विमाही त्यातच काढता येतो.

विम्याच्या अर्जात साखर, रक्तदाब, हृदयाचा आजार लपवू नका. लपवलेला आजार पुढे निघाला की कंपनी पैसे नाकारते. जुन्या आजाराचा खर्च मिळतो का, किती मिळतो, हे आधी विचारून घ्या. दारूच्या नशेत झालेला अपघातही बहुतेक विम्यांत बसत नाही. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्याला ही अडचण येत नाही.

औषधे हातातल्या पिशवीत

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा ते मधुमेहाने आणि इतर दुखण्यांनी थकलेले होते. सोबत माईसाहेब होत्या, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्यासोबत डॉक्टर नसतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी तरी सोबत हवी.

ती चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह आणि सहीशिक्क्यासह घ्या. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. जितके दिवस राहणार त्यापेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त ठेवा. सगळी औषधे हातातल्या पिशवीत असू द्या, कारण मोठी बॅग हरवू शकते. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नये. विमानाच्या तळाशी ते गोठून निकामी होऊ शकते.

दुबईला जाताना विशेष काळजी

आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारी काही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, झोपेच्या काही गोळ्या आणि मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिली जाणारी प्रीगॅबलिन ही त्यांतली. अशी औषधे न्यायची असतील तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. डॉक्टरांना 'दुबईला चाललो आहे' असे स्पष्ट सांगा. दुसरे औषध चालण्यासारखे असेल तर ते बदलून देतील. मनाने गोळी बंद करू नका.

आणखी एक गोष्ट, खसखस. तिथे खसखशीला बंदी आहे. लग्नघरासाठी प्रेमाने केलेले अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, घरचा मसाला यांमुळे विमानतळावर अटकही होऊ शकते. खसखस असलेला एकही डबा नेऊ नका.

प्रवासाचा दिवस

विमान तीन-चार तासांचे असले तरी दिवस मोठा असतो. बोईसरहून निघणे, महामार्गावर वर्सोवा पुलाची कोंडी, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे यात जेवणाची वेळ हमखास चुकते. साखरेच्या रुग्णाने पोळी-भाजी आणि बिस्किटे जवळ ठेवावीत. जेवण हाती आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नये. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि थायलंडचे दीड तास पुढे. त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फारशा बदलत नाहीत.

विमानात पाणी पीत राहा, पाय हलवत राहा. दम्याचा त्रास असलेल्यांनी, सिकलसेलच्या रुग्णांनी, नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बाईने तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी मिळतो.

रुग्णवाहिकेचे क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा: अमिरातीत ९९८, थायलंडमध्ये १६६९.

डॉक्टर नको म्हणाले तर

मग हट्ट करू नये. आपल्या मंगल परिणयाला मुहूर्ताचे बंधन नाही आणि विधी थोडक्यात होतो. त्रिशरण-पंचशील घरी बसून व्हिडिओ कॉलवरही सोबत म्हणता येते. वडीलधारे आले नाहीत म्हणून यजमानाने मनाला लावून घेऊ नये, आणि घरच्यांनीही त्यांना एकटे ठेवून सगळ्यांनी जाऊ नये.

परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. डेंग्यू, मलेरियाची तपासणी वेळेवर होईल.

जय भीम, नमो बुद्धाय.