जमिनीलगतची पिकअप: हौस, चासी आणि पासिंग

बंगळुरूतल्या महादेवपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माल पोचवणाऱ्या पिकअप आणि आयटी पार्ककडे निघालेल्या मोटारी आउटर रिंग रोडवर एकाच रांगेत खोळंबतात. त्यांतली एखादी उतारवयाची पिकअप स्वस्तात उचलायची, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायची आणि रुंद चाकं चढवून मिरवायची, ही हौस मूळची कॅलिफोर्नियाची. तिथेही ती सुखासुखी रुजली नाही. चाकाच्या रिमपेक्षा खाली बॉडी उतरवायला त्या राज्याने १९५८मध्ये बंदी घातली. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. हवी तेव्हा खाली, पोलीस दिसले की वर! ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. बंगळुरूत जुनी पिकअप शोधणाऱ्याच्या मनात मात्र वेगळेच समज घर करून असतात.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.

ही धास्ती दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरली. बंगळुरूत पंधरा वर्षं झालेल्या खासगी वाहनाची तपासणी होते आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्याचं शुल्क मात्र एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं. वीस वर्षांपुढच्या हलक्या वाहनांसाठी २०२५मध्ये ते १०,००० झालं. गाडीची नंबरप्लेट पिवळी, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, असेल तर हिशेब आणखी वेगळा. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ते खासगी करायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि करातला फरकही पाहावा लागतो.

गैरसमज : पुण्याहून स्वस्त गाडी आणली की काम झालं.

एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्याआधी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, आणि कर्नाटकाचा कर भरायला हवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याची संमतीही लागते. सौदा ठरवताना हे आकडे गाडीच्या किमतीत मिळवले, की ‘स्वस्त’ गाडीचा खरा भाव कळतो.

गैरसमज : स्प्रिंग कापली की गाडी खाली बसते.

बसते, पण वाईट. कापलेली कॉइल स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते. चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्डा थेट चासीला बसतो. मागचा प्रश्न निराळाच. मालवाहू पिकअपमध्ये मागचा एक्सल बहुधा पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली असतो. तो पाट्यांच्या वर नेला की मागची बाजू एका फटक्यात दहा-पंधरा सेंटीमीटर उतरते. मग एक्सल चासीवर आपटू नये म्हणून चासीला तिथेच खाच पाडून आतून जाड पत्र्याने मजबुती द्यावी लागते. वर्षानुवर्षं ओझी वाहिलेल्या गाडीची चासी नेमकी याच भागात, पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी, गंजते किंवा तडकते. म्हणून जुनी पिकअप घेताना रंग आणि सीट नंतर पाहावेत. आधी गाडी लिफ्टवर चढवून हौद्याखाली टॉर्च मारावा.

गैरसमज : गाडी जितकी खाली, तितकी सुरक्षित.

गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, एवढं खरं. पण अनेक पिकअपच्या मागच्या एक्सलपाशी ब्रेकचा एक व्हॉल्व असतो. चासी आणि एक्सलमधलं अंतर पाहून तो हौद्यात किती माल आहे ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला त्या मानाने दाब देतो. गाडी खाली बसवली की त्याला हौदा भरलेला वाटतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं जोरात ब्रेक लावताच लॉक होतात आणि शेपूट फिरते. हा व्हॉल्व नव्याने जुळवून घेणं बंपर रंगवण्याआधीचं काम आहे.

रस्त्याचाही विचार हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीतले अनेक गतिरोधक याहून अरुंद नि उभे असतात. साचलेल्या पाण्यातही खाली बसवलेल्या गाडीचे हाल होतात; सप्टेंबर २०२२च्या पुरात तर महादेवपुरा भागातले आयटी कर्मचारी ट्रॅक्टरवर बसून कामावर गेले होते.

गैरसमज : गाडी माझी, बदल माझे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेली मूळ वैशिष्ट्यं मालकाला परस्पर बदलता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बदल कंपन्याही करतात: टेल्कोने (आताच्या टाटा मोटर्सने) १९८८च्या टाटामोबाइल पिकअपच्या पायावर १९९१मध्ये सिएरा ही मोटार उभी केली, पण कारखान्याचं नवं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होतं. गॅरेजमधल्या वेल्डिंगला तशी वाट नाही.

गैरसमज : पन्नाशी ओलांडलेली गाडी विंटेज, तिला सगळं माफ.

२०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर दिला, तो चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात राखलेल्यांनाच. चासीला खाच पाडलेली पिकअप त्यात बसत नाही. ती खासगी आवारात किंवा प्रदर्शनात मिरवायची असेल, तर ट्रेलरचं भाडं पहिल्या दिवसापासून खर्चात धरलेलं बरं.