उष्णतेची हद्द

पुणे-बंगळूर महामार्गाने कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्राचा अंमल संपतो आणि कोगनोळीच्या नाक्यापासून कर्नाटकाचा सुरू होतो; १९५६च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली ही सरहद्द दप्तरात कितीही ठळक असली, तरी या मराठी मुलखाची बाजारहाट, सोयरीक आणि आजारपणातील धावपळ अद्याप बव्हंशी कोल्हापूरकडेच चालते. नाक्यापलीकडच्या निपाणीतील तंबाखूच्या वखारींवर आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर हा प्रांत पोसला, आणि तंबाखू मुखाच्या कर्करोगास कारण होते हे निर्विवाद सिद्ध आहे. म्हणूनच चुंबकीय अतिसूक्ष्म कणांच्या उष्णतेने कर्कपेशी नष्ट करण्याचे जे संशोधन इतक्या जवळ, कोल्हापुरात झाले, त्याचा परिचय येथील वाचकास असावा, असे मला मनापासून वाटते.

कल्पना जुनी आहे. १९५७ साली शिकागोचे शल्यविशारद गिलख्रिस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी, शस्त्रक्रियेनंतर लसीकाग्रंथींत दडून राहणाऱ्या कर्कपेशींचा नाश व्हावा या हेतूने, लोह-ऑक्साइडचे कण त्या ग्रंथींत पोचवून बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ते तापविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. क्षेत्राची दिशा सेकंदाला लक्षावधी वेळा उलटत असता कणाचे चुंबकत्व तिच्यामागोमाग वळू पाहते, परंतु किंचित मागे पडते, आणि या मागे पडण्यात जी ऊर्जा खर्ची पडते तीच उष्णता होय. कधी कण जागीच राहून त्याच्या अंतरंगातील चुंबकत्व फिरते, कधी द्रवात सबंध कणच फिरतो. पेशीच्या दाट अंतर्भागात कण अडकून पडला की ही दुसरी वाट बंद होते, आणि परीक्षानळीत उत्तम तापणारा कण शरीरात निस्तेज ठरतो.

साधारण ४२ ते ४६ अंश सेल्सिअस या पट्ट्यात कर्कपेशी दुबळ्या होतात व किरणोपचारास अधिक सहज बळी पडतात. त्यापलीकडे निरोगी ऊतीही होरपळू लागतात. उष्णता उत्पन्न करणे मुळीच कठीण नाही. तिला हद्द घालून देणे, हीच या विद्येची खरी परीक्षा आहे, आणि कोल्हापूरच्या कामाचे महत्त्व मला येथे दिसते.

डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात प्रा. एस. एच. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण संशोधकांनी कोबाल्ट फेराइट, मॅग्नेशियम फेराइट आणि लँथॅनम-स्ट्राँशियम मँगनाइट यांचे कण ज्वलनपद्धतीने सिद्ध केले. धातूंची नायट्रेटे व ग्लायसीनसारखे इंधन यांचे द्रावण आटवीत नेले की ते अकस्मात पेट घेते आणि मागे अतिसूक्ष्म भुकटी उरते. कण एकमेकांस चिकटू नयेत व पेशींना बाधू नयेत म्हणून त्यांवर डेक्स्ट्रानसारखे आवरण चढवावे लागते, मग ते पाण्यात मिसळून २६५ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या तांब्याच्या वेटोळ्यात ठेवून तापमान नोंदवायचे. यांतील मँगनाइटने माझे मन विशेष वेधले. विवक्षित तापमानापलीकडे, ज्यास क्यूरी तापमान म्हणतात, पदार्थाचे लोहचुंबकत्व लोपते. स्ट्राँशियमचे प्रमाण साधून हे तापमान उपचाराच्या पट्ट्याजवळ आणता येते, आणि असा कण, बाहेरून कोणी लगाम न खेचताही, आपण होऊन तापावयाचा थांबतो. हे काम परीक्षानळीतील आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरील आहे. रुग्णशय्येपर्यंत ते पोचलेले नाही, आणि तसे स्पष्ट सांगणे रुग्णांच्या आप्तांप्रती आपले कर्तव्य आहे.

ती मजल बर्लिनने गाठली. आंद्रेआस योर्डान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या मॅगफोर्स कंपनीच्या लोहकणांच्या द्रवास मेंदूतील अर्बुदांसाठी २०१० मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. अर्बुद उलटलेल्या ५९ रुग्णांवरील अभ्यासात, किरणोपचाराच्या जोडीने, ते पुन्हा उद्भवल्याच्या निदानापासूनचे मध्यक आयुर्मान १३.४ महिने आढळले. तरीही २०२२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. उपचारही सुटसुटीत नव्हता: उपचारक्षेत्राजवळ धातू असता कामा नये, म्हणून रुग्णांच्या दातांतील धातूचे भरावसुद्धा काढावे लागत.

मुखाचे अर्बुद डोळ्यांस दिसते, सुईच्या टप्प्यात असते, आणि त्यावर किरणोपचार आजही नित्याचे आहेत. कण थेट गाठीत टोचून तिला मोजून तापविण्याच्या या पद्धतीस याहून योग्य जागा मला सुचत नाही. मुंबईच्या आयआयटीत आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा चुंबकीय कणांवर काम झाले आहे. कोल्हापूरचा मँगनाइट, मुंबईचा अनुभव आणि निपाणी भागातील रुग्णांची निकड यांची गाठ घालून देण्याची तजवीज दोन्ही राज्यांच्या आरोग्यखात्यांनी मनावर घेतल्यास करता येण्याजोगी आहे.