दहा लाखांत एक

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख. एखादा रोग वर्षाला दर दहा लाखांमागे एक ते दोन बळी घेत असेल, तर या दोन जिल्ह्यांत किती मृत्यू होतील? करा बरे गणित! उत्तर येते सहा ते बारा.

असा रोग खरोखरच आहे. त्याचे नाव क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग. मेंदूतील एका प्रथिनाच्या रेणूची घडी चुकते आणि तो शेजारच्या रेणूंनाही तसेच वळण लावतो. अशा बिघडलेल्या प्रथिनाला 'प्रायॉन' म्हणतात. मेंदूची हळूहळू स्पंजासारखी चाळण होते. स्मृती आणि तोल जातो. बहुतेक रोगी वर्षाच्या आत दगावतात. रोग बहुधा साठीच्या सुमारास होतो. त्यावर अजून औषध नाही.

मग नुसते मृत्यू मोजून काय साधते? ब्रिटनचे उदाहरण पाहा. १९८६ साली तेथे गाईगुरांत असाच रोग आढळला. तो माणसांत येतो काय, हे पाहण्यासाठी १९९० साली एडिंबरो येथे देशभरच्या रुग्णांची नोंद सुरू झाली. १९९६ साली त्या नोंदीत दहा निराळे रुग्ण दिसले. त्यांतले बहुतेक ऐन तारुण्यातले!

ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी ८० लाख, म्हणजे सातारा-सांगलीच्या दसपट. हे रुग्ण सारखे विखुरले असते, तर आपल्या दोन जिल्ह्यांएवढ्या मुलखात एकच रुग्ण आला असता. एकावरून नवा रोग कसा ओळखणार? दहा जण एका वहीत आले, म्हणून दूषित गोमांसाचा संशय बळावला आणि निर्बंध कडक झाले. २००० साली या नव्या रोगाचे २८ बळी गेले. पुढे तो ओसरला.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. सतीशचंद्र आणि डॉ. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतातील रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वीस वर्षांतले रुग्ण शंभरही भरले नाहीत. १९८१ साली देशाची लोकसंख्या ६८ कोटी होती. आपल्याकडे वृद्ध कमी हे धरले, तरी दरवर्षी काहीशे मृत्यू व्हायला हवेत. मग बाकीचे गेले कोठे? रोग दुर्मीळ, लक्षणे म्हातारपणच्या विस्मरणासारखी, आणि पक्के निदान मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. शिवाय २०२० सालीसुद्धा देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच कारणाचा वैद्यकीय दाखला होता.

ज्या मृत्यूचे कारण कागदावर आले नाही, तो या हिशेबात धरला जात नाही. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलेली ती एक ओळ म्हणूनच मोलाची. दहावा रुग्ण कदाचित तिच्यातच सापडेल!