वळूघोडा आणि गावचे कारागीर

बाजारात खोंड पाहायला गेलेला शेतकरी आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, आणि शेवटी हळूच विचारतो, “कोणत्या वळूचा हो हा?” प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर मिळाले की आपले समाधान होते आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. आई कशी होती? पहिल्या वर्षी पोटाला काय मिळाले? खुरांकडे कोणी लक्ष दिले? या राहून गेलेल्या प्रश्नांसाठीच मी तुम्हांला आज एक दूरची हकीकत सांगणार आहे. ती आहे एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियाची, न्यू साउथ वेल्स नावाच्या इंग्रजी वसाहतीची.

त्या वसाहतीत हंटर नावाची नदी आहे. तिच्या काठची जमीन गाळाची. मका, गहू आणि लसूणघास तिथे चांगला येई. मेटलंड हे त्या खोऱ्यातले बाजाराचे गाव आणि जवळच मॉर्पेथ हे नदीवरचे बंदर. तिथून माल आगबोटीने सिडनीला जाई. आता गंमत पाहा. या मुलखात घोडा मुळात नव्हताच. 1788 साली इंग्रजांची पहिली जहाजे आली, त्यांनी वाटेत केप ऑफ गुड होपला मूठभर घोडे चढवून घेतले होते. पुढे गोऱ्या वस्तीची सगळी शेती, टपाल आणि प्रवास या जनावराच्या पाठीवर उभा राहिला. तेव्हा चांगला पैदाशीचा घोडा, म्हणजे वळूघोडा, ही तिथे केवळ शर्यतीच्या शौकिनांची बाब नव्हती. ती साऱ्या जिल्ह्याच्या पोटाची बाब होती.

असा घोडा बहुधा ‘थरोब्रेड’ जातीचा असे. ही शर्यतीच्या घोड्यांची इंग्रजी जात. पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे तिचे मूळ पुरुष. आजचा कोणताही थरोब्रेड घ्या, बापाकडून मागे मागे जात राहिलात तर या तिघांपैकी एकाशी पोहोचता. इंग्लंडात या घोड्यांची वंशावळ 1791 पासून छापली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या वंशावळीचा पहिला खंड 1878 साली निघाला. थोडक्यात, ज्याच्या घराण्याची लेखी नोंद आहे असा हा घोडा.

त्याचा हंगाम वसंतातला. दक्षिण गोलार्धातला वसंत सप्टेंबरात सुरू होतो, हे गुरुजींनी मुलांना पृथ्वीचा गोल हातात घेऊन दाखवावे. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो आणि घोडी फळली नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. फळली तर सुमारे अकरा महिन्यांनी शिंगरू. शिंगरू कामाला लागायला आणखी तीन-चार वर्षे. म्हणजे आज चुकीचा घोडा निवडला तर ती चूक चार-पाच वर्षांनी नांगराला जुंपताना कळायची!

लहान शेतकऱ्याला ही जोखीम भारी होती. घोड्याची फी गिनीत सांगत. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. नाणे केव्हाच पाडायचे बंद झाले होते, पण घोड्याचा व्यवहार गिनीतच चाले. साध्या शेतकऱ्याच्या घोडीलाही दोन-तीन गिन्या पडत. मोतद्दाराचे शिलिंग वेगळे, घोडी तिथे ठेवली तर कुरणाचे आठवड्याला वेगळे. आणि शेवटी एक ओळ हमखास: काळजी सर्व प्रकारे घेतली जाईल, पण अपघाताची जबाबदारी मालकावर नाही. घोडी रिकामी राहिली तर काही मालक पुढच्या हंगामात ती पुन्हा फुकट दाखवून देत, काही देत नसत. ज्याच्याकडे नांगराची एकच घोडी, त्याने काय करावे बरे?

तो विचारी. कोणाला? मालकाला नव्हे, मालक तर आपल्या घोड्याची वाखाणणीच करणार. तो विचारी गावच्या नालबंदाला.

इथेच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. वळूघोडा तबेल्यात उभा असे, पण त्याला चालवीत होते गावचे कारागीर.

पहिला छापखानेवाला. ‘मेटलंड मर्क्युरी’ हे वृत्तपत्र 1843 साली निघाले. घोड्याचे नाव, बाप, आई, रंग, उंची, फी आणि ठिकाण अशी जाहिरात तो खिळे जुळवून छापी. गावोगाव फिरवायच्या घोड्याचे ‘अमुक वारी अमुक खाणावळीत’ असे वेळापत्रकही छापले जाई. दुसरा खाणावळवाला. त्याच्या आवारात घोडा मुक्काम करी, घोड्या घेऊन शेतकरी जमत, आणि खाणावळवाल्याचा गल्ला भरे. तिसरा चंदी-वैरणीचा व्यापारी. ओट, मका, लसूणघासाचे वाळलेले कुट्टीगवत, हे त्याच्याकडचे. चौथा खोगीर करणारा. लगाम, मोहरकी, पट्टे आणि फिरस्त्या घोड्याची झूल तो शिवी. पाचवा सुतार, कुरणाला आडव्या लाकडांचे कुंपण घालणारा. कुंपण कच्चे असले तर हजार गिन्यांचा घोडा एका रात्रीत पाय मोडून बसेल.

आणि या सगळ्यांत महत्त्वाचा नालबंद. घोडीला घोडा दाखवण्याआधी तिच्या मागच्या पायांचे नाल काढून टाकण्याची रीत होती. नाल असलेली लाथ बसली की घोडा कायमचा जायचा. पुढे शिंगरू झाले की त्याचे खूर वेळच्या वेळी कानसून सरळ ठेवायचे. खूर एका बाजूने वाढला की पाय वाकडा पडतो, आणि मग बापाचे घराणे कितीही थोर असो, पोर लंगडेच. मोठ्या घोड्याचे नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून नवे घालावे लागत. त्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक पाय वर्षातून अनेक वेळा नालबंदाच्या मांडीवर येई. कोणत्या घोड्याच्या पोरांचे खूर चिवट, कोणाचे ठिसूळ, कोण शांत, कोण चावरा, हे वंशावळीच्या पुस्तकात नसते. ते त्याला ठाऊक असे.

आता एक नावाजलेले उदाहरण घेऊ. सिडनीजवळ नेपियन नदीकाठी मल्गोआ येथे एडवर्ड किंग कॉक्स यांचा पैदाशीचा तबेला होता. तिथे यटेंडन नावाचा घोडा होता. 1866 सालची पहिलीच सिडनी कप शर्यत त्याने जिंकली होती. त्याच्या पोरांपैकी चेस्टरने 1877 साली मेलबर्न कप जिंकला आणि ग्रँड फ्लॅनरने 1880 साली. ग्रँड फ्लॅनर तर नऊ शर्यती धावला आणि नऊही जिंकला. पण या दोघांच्या आया निरनिराळ्या होत्या, आणि यटेंडनची सगळीच पोरे काही मेलबर्न कप जिंकली नाहीत. बाप एकच, मग फरक कुठून आला? थोडा आईतून, थोडा संगोपनातून, थोडा दैवातून.

शर्यत जिंकणारे थोडेच. थरोब्रेड घोडा आणि शेतातली भक्कम घोडी यांची बहुतेक पोरे नांगराला, टपालगाडीला, गुराख्याच्या मांडीखाली गेली. त्यांतली पुष्कळ आपल्या देशातही आली, बरं का! न्यू साउथ वेल्सवरून त्यांना ‘वेलर’ म्हणत. आपली भीमथडीची तट्टे काटकपणासाठी नावाजलेली, पण इंग्रजी फौजेला तोफा ओढणारा उंच घोडा हवा होता. म्हणून वेलर जहाजे भरभरून मद्रास आणि कलकत्त्याला उतरत. हा व्यापार 1930 नंतरच्या दशकापर्यंत टिकला. म्हणजे हंटरकाठच्या नालबंदाने सरळ ठेवलेला पाय आपल्या छावण्यांतून चालला होता.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती कुरणे मोकळी नव्हती. तिथे वोन्नारुआ लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांची जमीन काढून घेऊन ती झाली. आणि सुरुवातीच्या काळात मोतद्दार, लोहार म्हणून राबणाऱ्यांत इंग्लंडातून शिक्षा होऊन आलेले कैदी पुष्कळ होते. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे 1840 साली थांबले. त्या राबणाऱ्यांची नावे वंशावळीत नाहीत. घोड्यांची मात्र आहेत.

पुढे आगगाडी आली, मग मोटार आली, आणि कामाच्या घोड्याची गरज सरली. थरोब्रेडची पैदास मात्र हंटरच्या खोऱ्यात, विशेषतः स्कोन गावाभोवती, आजही जोरात चालते. या जातीत कृत्रिम रेतनाला आजही मान्यता नाही. घोडी घोड्याला दाखवूनच शिंगरू व्हावे लागते, तरच त्याची नोंद होते.

आपल्या गाईंचे तसे नाही. उत्तम वळूचे बीज आज नळीतून गोठ्यापर्यंत येते. गावच्या शेतकऱ्याला पूर्वी स्वप्नातही न दिसणारा वळू दाराशी आला, ही मोठीच सोय झाली. पण नळीतून निम्मेच येते. उरलेले निम्मे गाईचे. आणि त्या दोन्ही निम्म्यांचे सोने करायचे की माती, हे ठरते चीक वेळेवर पाजणाऱ्या, जंत पाडणाऱ्या, लस टोचून घेणाऱ्या आणि माजाची तारीख वहीत लिहून ठेवणाऱ्या हातांवर. शाळेतल्या मुलांकडून घरच्या जनावरांची अशी एक वही करवून घेता आली, तर गुरुजी, ती गावची पहिली वंशावळ होईल. तिच्यात वासराच्या बापाचे नाव लिहा, आईचे लिहा, आणि ज्याने ते वाढवले त्याचेही लिहा.