कूर्चेचा प्राणवायू आणि गुडघ्याचे तेल

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात भाताची आवणी आटोपली की गुडघे धरून येणारे रुग्ण आपल्या व्यवसायबंधूंना नवे नाहीत. चिखलात वाकून लावणी, डोंगरउतारावरून ओझी, हिरडा उतरविण्यासाठी झाडावर चढणे. गुडघ्यास विश्रांती कोठून मिळावी? अशा रुग्णाच्या हाती तेल देताना "याने सांध्यात रक्त खेळेल, प्राणवायू पोहोचेल" असे आपण सहज बोलून जातो. या वाक्याचा फेरविचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

निरोगी कूर्चेत रक्तवाहिनी नसतेच. प्राणवायू सांध्यातील द्रवातून झिरपत येतो. हवेत तो 21 टक्के, तर कूर्चेच्या खोल थरांत सुमारे 1 टक्का. तेथील पेशी या अल्पतेतच नांदतात. प्राणवायू मुबलक असता 'एचआयएफ' प्रथिने पेशीत सतत नष्ट होतात. तो घटताच ती टिकून जनुकांना चालना देतात. या यंत्रणेच्या शोधाबद्दल कायलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले.

खरी गोम पुढेच आहे. यांतील एचआयएफ-1 अल्फा कूर्चेचे कोलॅजेन व अॅग्रिकन राखण्यास साहाय्य करते. त्याचेच भावंड एचआयएफ-2 अल्फा मात्र कोलॅजेन तोडणाऱ्या एमएमपी-13 या विकरास चेतविते, हे 2010 साली जपानी व कोरियन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. सांध्यातील दाहही या दुसऱ्या प्रथिनास वाढवितो. शिवाय संधिगत विकारात खालच्या अस्थीतून रक्तवाहिन्या कूर्चेत शिरतात. तेथे रक्त पोहोचणे हे दुरुस्तीचे नव्हे, बिघाडाचेच लक्षण ठरते!

म्हणून स्नेहन-स्वेदन सोडावे असे नाही. वेदना व ताठरता कमी होते, एवढेच रुग्णास सांगावे. श्लेषक कफाचा क्षय म्हणजेच एचआयएफचा बिघाड, अशी घाईची जुळणीही नको.

पोटातील औषधांविषयी आपल्याजवळ अधिक ठोस आधार आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याचे 440 रुग्ण 24 आठवडे होते. गुळवेल, सुंठ, आवळा व सालई यांचे योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिबच्या तोडीचे ठरले. त्यांतील 7 रुग्णांचे एसजीपीटी मात्र वाढले. औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. महिनोन्महिने असे योग देणाऱ्या वैद्यांनी आणि पुन्हा पुन्हा बाटली भरून देणाऱ्या औषधालयांनी ही तपासणी अधूनमधून करवून घ्यावी.