पॉलिमरखालचा पत्रा

१९७९ मध्ये डियाझ आणि सहकाऱ्यांनी विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने पॉलिपायरोलचा सलग थर बसवला तो प्लॅटिनमवर. प्लॅटिनम विरघळत नाही, त्यामुळे खालच्या धातूची फिकीर करायची गरजच नव्हती. १९८५ मध्ये डीबेरीने पॉलिअ‍ॅनिलीनचा थर आम्लात स्टेनलेस स्टीलला गंजापासून जपतो हे दाखवलं आणि गाडी साध्या धातूंकडे वळली. जळगावला १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं. २००० नंतरच्या दशकात तिथल्या भौतिकशास्त्र विभागातल्या प्रा. प्रदीप पाटील यांच्या गटाने पोलाद आणि तांब्यावर पॉलिअ‍ॅनिलीनच्या भावंडांचे थर चढवले. अडचण मोठी होती. ज्यापासून पॉलिमर बनतो त्या मोनोमरचं ऑक्सिडीकरण व्हायच्या आतच धातू विरघळू लागतो. त्यावर पोलादासाठी ऑक्झॅलेट आणि तांब्यासाठी सॅलिसिलेट कामी आलं. विभव चढवण्या-उतरवण्याच्या पहिल्याच आवर्तनात थोडा धातू विरघळतो, त्याच्या क्षाराचा पातळ पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि मग पॉलिमर वाढतो. हे काम मला फार मोलाचं वाटतं. तरी मागे वळून पाहताना जाणवतं की या क्षेत्रात एकूणच चर्चेचा भर द्रावणावर राहिला. पत्रा लाटला, वाकवला, एमरी पेपरने घासला, तेव्हा त्याच्या वरच्या थरात काय घडलं, हा प्रश्न पूर्वतयारीच्या एका ओळीत मिटला.

यावर आक्षेप येईल की अशा लाटण्या-वाकवण्याच्या विरूपणाने साठलेली ऊर्जा विभवात जेमतेम काही मिलिव्होल्टचा फरक पाडते. सरासरीपुरतं ते खरं आहे. पण १९६४ मध्ये फोरूलिस आणि उहलिग यांना हायड्रोक्लोरिक आम्लात असं दिसलं की थंड अवस्थेत ठोकलेलं कार्बनयुक्त पोलाद जास्त वेगाने विरघळतं, शुद्ध लोखंडाला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणजे निव्वळ साठलेल्या ऊर्जेने याचा उलगडा होत नाही, दोषांपाशी गोळा होणारा कार्बन महत्त्वाचा. आणि थर बसवायचा असतो तो याच कमी कार्बनच्या पोलादावर! दुसरा आक्षेप, क्षाराचा पापुद्रा सगळं झाकून टाकतो. पण तो पापुद्रा त्याच विरघळण्यातून जन्मतो. जिथे धातू जास्त सुटेल तिथे त्याचे स्फटिक वेगळे वाढणार. शिवाय थराची सरासरी जाडी कितीही चांगली असली तरी गंज शिरतो तो सर्वांत कच्च्या छिद्रातून. धुळ्या-जळगावच्या कारागिराकडे धान्याच्या कोठीचा पत्रा जिथे दुमडला जातो, नेमक्या त्या कडेवर थर टिकला पाहिजे. हे तपासायला एकाच पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत, एक तापवून सावकाश थंड केलेला, दुसरा दुमडून पुन्हा सरळ केलेला. दोन्ही सारखेच घासावेत, एकाच द्रावणात बुडवावेत आणि पहिल्या आवर्तनातला प्रवाह शेजारी ठेवून पाहावा.