केसपेपरावरील एक रकाना

नल्लकुंट्यात प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करताना केसपेपरावरील 'पतीचे नाव' या रकान्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. नाव विचारावे, लिहावे आणि रक्तदाब पाहावा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या रकान्यापाशी मला थांबवले ते काही वर्षांपूर्वी आलेल्या एका रुग्णेने.

ही तरुणी दर तपासणीला एका मैत्रिणीबरोबर येई. रकाना रिकामाच होता. सोनोग्राफीच्या तारखा, लोहाच्या गोळ्या, साखरेचे आकडे, सारे मैत्रिणीला तोंडपाठ. प्रसूतीच्या रात्री बाळाचे ठोके मंदावले आणि सिझेरियनचा निर्णय घ्यावा लागला. "सहीला जवळचे कोण आहे?" असे मी विचारताच मैत्रीण पुढे झाली. मी तिला बाहेर बसवले आणि रुग्णेच्या भावाला फोन लावायला सांगितले. त्यात मोलाची काही मिनिटे गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे माझे भाग्य. टाके दाखवायला आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, मी शुद्धीवर होते, सही मीच केली असती. आणि तुम्ही बाहेर बसवलेली माझ्या मुलीची दुसरी आई होती."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. मला ते ठाऊक होते. पण त्या रात्री सवयीने ज्ञानावर मात केली.

समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार २१ ते ५० वर्षांची एकटी स्त्री दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने आई होऊ शकते. परंतु जोडपे म्हणून तो कायदा विवाहित स्त्री-पुरुषांनाच ओळखतो. विवाहाच्या हक्कासाठी न्यायालयात गेलेले सुप्रियो चक्रवर्ती व अभय डांग हे आपल्याच हैदराबादचे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क नाकारला गेला आणि एकत्रित दत्तक घेण्याची मुभाही बहुमताने नाकारली गेली. परिणामी दुसऱ्या आईचे नाते कागदावर उमटत नाही. प्रसूतिगृहात तिला मान द्यायचा की बाकावर बसवायचे, एवढे मात्र आपल्याच हाती राहते.

कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ८ फेब्रुवारी २०२३ रोजी सहद या पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिला. त्याची जोडीदार झिया ही पारलिंगी स्त्री. जन्मदाखल्यावर आई कोण आणि वडील कोण, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने दोघांची नोंद केवळ 'पालक' अशी करण्यास सांगितले. तेथेही अडचण अखेर एका रकान्याचीच होती.

वैद्यकीय बाजूही ध्यानात ठेवावी. टेस्टोस्टेरॉनमुळे पाळी थांबली तरी गर्भधारणा होऊ शकते. ते औषध गर्भाला अपायकारक असल्याने आधीच थांबवावे लागते. स्तन काढलेले असतील तर बाळाच्या दुधाची सोय प्रसूतीपूर्वीच ठरवावी. दाढी असलेल्या गरोदर व्यक्तीला वॉर्डात कोठे ठेवावे, कोणत्या नावाने हाक मारावी, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. बाळंतपणानंतरच्या मनःस्थितीकडे तर विशेष लक्ष हवे.

२०२२ साली उस्मानिया रुग्णालयात डॉ. प्राची राठोड व डॉ. रूथ जॉन पॉल या दोघी पारलिंगी डॉक्टर रुजू झाल्या. प्राची यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या मराठी वस्तीच्या आदिलाबादेत झाले. तेव्हा ही मंडळी कोणी परकी नव्हेत. काही तर आपले व्यवसायबंधूच आहेत.

आता माझ्या केसपेपरावर 'पतीचे नाव' नाही. 'जवळची व्यक्ती, रुग्णाने सांगितल्याप्रमाणे' असा रकाना आहे. नवीन कागद छापायला फारसा खर्च आला नाही. विधवा, परित्यक्ता आणि पती परगावी असलेल्या बायकांचीही त्यामुळे सोय झाली. सहव्यावसायिकांना एवढीच विनंती, की आपापला केसपेपर एकदा रुग्णाच्या नजरेने वाचून पाहावा.

ती मुलगी आता शाळेत जाते. लसीसाठी दोघी आया तिला घेऊन येत, तेव्हा बाहेर कोण बसणार, हे मी पुन्हा कधी विचारले नाही.